रोवण्यातली तारीख

ती तारीख मी दिली होती.

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, ऑफिसात नाही, आणि जिला सांगायला पाहिजे होतं त्या माझ्या मोठ्या बहिणीला तर नाहीच. ऐकणाऱ्याला वाटेल, यात काय एवढं? सरकारी सभांच्या तारखा कुणीतरी देतच असतं. पण आमचा मुलूख धानाचा. इथं ऐन आषाढात, चांगला पाऊस होऊन शेतातल्या बांध्या पाण्यानं भरल्या असताना, भर सकाळी नागरिकांची सभा ठेवायची म्हणजे काय, हे शाळेतलं पोरगंही सांगेल. मला ते कुणी सांगायची गरज नव्हती. माझी बहीण जन्मभर रोवणा करत आली. तिनं चिखलात वाकून धान लावलं, त्या मजुरीवर मी चंद्रपूरला राहून डिप्लोमा केला.

मला माहीत नव्हतं, असं म्हणायची सोय नाही. माहीत होतं म्हणूनच ती तारीख दिली.

गावाचं नाव लिहीत नाही. मूलच्या पलीकडे, चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन जिल्ह्यांच्या सांध्यावर कुठंतरी, असं समजा. राइस मिला, आठवडी बाजार, एस.टी. स्टँड, कडेला तलाव आणि तलावामागे जंगल. ग्रामपंचायतीची नगर परिषद झाली तेव्हा वेशीवर कमान उभी राहिली आणि कागदावर आम्ही शहर झालो. कमानीच्या आत अर्ध्या गावाच्या दारात अजून बैल बांधलेले असतात.

त्या नगर परिषदेत मी पाणीपुरवठा बघतो. नदीचं पाणी टाकीत चढतं आणि टाकीतून गावात पाळीपाळीनं सुटतं. सगळीकडे एकदम सोडलं तर कुणाच्याच नळाला धार लागत नाही. म्हणून पाळ्या. पहिली पाळी पहाटे, टाकीजवळच्या कॉलनीची. मग बाजारपेठ, मग स्टँडची बाजू. सगळ्यात शेवटी आमची वस्ती. तिथं पाणी पोचेस्तोवर उन्हं कौलावर आलेली असतात.

आमची वस्ती म्हणतो खरा, पण मी तिथं राहत नाही. लग्नानंतर कॉलनीत प्लॉट घेतला, घर बांधलं. माझ्या नळाला पहाटे पाणी येतं. दोन भांडी घासून, देवपूजेसारखा नेम असल्यागत अंगण धुऊन, गाडी धुऊन माझं पाणी संपतं, तेव्हा वस्तीतल्या बाया रिकामे गुंड, म्हणजे पाण्याच्या घागरी, दारात ठेवून कामाला निघून गेलेल्या असतात.

हा क्रम मीच लावला होता. नोकरीला लागून फार दिवस झाले नव्हते. नवी टाकी उभी राहिली, कॉलनीतल्या वजनदार मंडळींनी पहाटेचं पाणी मागितलं, मी दिलं. वस्तीतून कुणी काही मागितलं नाही. मागायचं असतं हे त्यांना ठाऊक नव्हतं आणि विचारायचं मला सुचलं नाही. गंमत अशी की तेव्हा मी वस्तीतच राहत होतो, बहिणीच्या घरी. आई आमची लवकर गेली. बहिणीनंच मला वाढवलं. तिला मी बाई म्हणतो. ती मला अजून बाबू म्हणते.

मग ते स्मार्ट शहरांचं वारं आलं. मोठ्या शहरांतून सुरू झालं आणि सरकत सरकत आमच्यासारख्या गावांपर्यंत पोचलं. पुढच्या कितीतरी वर्षांचा आराखडा करायचा, शहर स्मार्ट करायचं, शाश्वत करायचं, आणि त्यात आधी काय नि नंतर काय, हे लोकांना विचारून ठरवायचं, असं वरून आलं. मी आजही म्हणतो, चांगलं होतं ते. ऑटोवर भोंगा बांधून गावभर पुकारा झाला की आपलं शहर कसं असावं ते सांगायला सभेला या, तारीख लवकरच कळवू.

त्या रविवारी मी बाईकडे गेलो होतो. रोवणा लागायचा होता अजून. विहाराच्या ओट्यावर वस्तीतल्या बाया बसल्या होत्या, बाई मध्ये. मला पाहून शेजारची म्हणाली, "आले वो साहेब. बुटाले चिखल नाई लागला ना भाऊ?"

"साहेब काऊन म्हणतं त्याले?" बाई म्हणाली. "माह्या पदरानं शेंबूड पुसला हाये याचा."

"मंग आता पुसून दे ना. सर्दी झाल्यावानी दिसते."

सगळ्या हसल्या. मीही हसलो. अशा हसण्यात मी अवघडतो, हे बाईला माहीत आहे. तिनं विषय बदलला.

"बाबू, तो भोंगेवाला सांगून गेला. शहर कसं कराचं ते लोकाईले विचारून राह्यले म्हणते. खरं हाये?"

"खरं आहे बाई."

"आमालेबी विचारतीन?"

"सगळ्यांनाच."

"मंग आयक. आमचं एकच म्हणणं हाये. रोड नोको, लाइट नोको, काईच नोको. आमचं पाणी सकारी सोडा. गाडी याच्या आधी."

गाडी म्हणजे मजुरांची गाडी. रोवण्यात आजूबाजूच्या खेड्यांतले शेतकरी उजाडायच्या आत गाडी पाठवतात आणि वस्तीतल्या बाया त्यात दाटीवाटीनं उभ्या राहून जातात. येतात त्या दिवे लागल्यावर. रोवणा सरला की निंदण, मग कापणी, उन्हाळ्यात तेंदूपत्ता. तेही सगळं पहाटेचंच. म्हणजे वर्षातले बहुतेक दिवस वस्तीत पाणी येतं तेव्हा भरायला घरात असते ती एखादी म्हातारी, नाहीतर पोरगी. बोरिंग आहे, पण त्याच्या पाण्यात डाळ शिजत नाही आणि प्यायलं की पोट दुखतं.

बाईच्या घरात पोरगी होती. माझी भाची, तेव्हा नववीत. शाळा गावाच्या दुसऱ्या टोकाला. प्रार्थना होऊन जायची तेव्हा ती नळापाशी रांगेत असायची. ड्रम भरायची, गुंड भरायची, मग धावत निघायची. दुसऱ्या तिसऱ्या तासाला पोचली की बाहेर उभं राहावं लागायचं. आमच्या घरात देव्हारा नाही. भिंतीवर फोटो आहे आणि त्याखाली फळीवर पुस्तकं. पोरीनं शिकावं यावर घरात कधी चर्चासुद्धा झाली नाही, इतकं ते ठरलेलं होतं. तिला नर्स व्हायचं होतं. गडचिरोलीच्या दवाखान्यात एकदा बापाकडच्या आजीला घेऊन गेली होती, तिथल्या नर्सबाईंचा दरारा पाहून आली, तेव्हापासून.

ती विहाराच्या पायरीवर बसून आमचं बोलणं ऐकत होती. मध्येच म्हणाली, "मामाजी, तुमच्या घरी कवा येते पाणी?"

"सकाळी."

"सकारी म्हंजे कवा?"

"लवकर येतं."

"मामाले उलटून नोको विचारू," बाई म्हणाली. पण पोरगी उलटून विचारत नव्हती. तिला खरंच माहिती हवी होती.

मी उठलो तेव्हा बाई सोबत वळणापर्यंत आली. म्हणाली, "सभेत मीच बोलन. मायकावर. मले भेव नाई वाटत. तू समोर बसशीन ना?"

"बसेन."

"तारीख कळली की सांगजो. आमी साऱ्याजणी येतो."

घरी येताना गाडीवर माझ्या डोक्यात एकच चित्र फिरत होतं. हॉल भरलेला आहे. मुख्याधिकारी, नगरसेवक, माझ्या कॉलनीतली मंडळी पहिल्या रांगेत. बाई मायकावर उभी आहे, मला बाबू म्हणते आहे, आणि विचारते आहे की आमचं पाणी मागून काऊन येते. मग कुणीतरी विचारणार, पाळ्या कोण लावतं? मग सगळ्या माना माझ्याकडे वळणार. एका चावीच्या फिरकीचं काम, व्हॉल्वमनला सांगितलं की झालं. पैसा लागत नाही, मंजुरी लागत नाही. मग इतकी वर्षं का नाही केलं साहेब? आणि तुम्ही राहता कुठं?

याचं उत्तर होतं, तेच सांगता येत नव्हतं. पाळी बदलली तर वस्तीचं पाणी पहाटे येणार आणि माझ्या कॉलनीचं उन्हं वर आल्यावर. शेजारी दार वाजवणार. बायको म्हणणार, "अहो, मुलांचे डबे, आंघोळी, कसं व्हायचं?" बहिणीसाठी गावाचं पाणी फिरवलं असं लोक बाजारात बोलणार. आणि आणखी एक. हे लिहायला हात जड होतो. बाई चिखलाच्या पायांनी त्या हॉलमध्ये येईल, आमच्या बोलीत मोठ्यानं बोलेल, आणि आराखड्यासाठी पुण्याकडून येणाऱ्या साहेबांना कळेल की ही माझी बहीण. त्याची मला लाज वाटत होती. लाज नव्हती, संकोच होता, असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगितलं. लाजच होती.

दोनेक आठवड्यांनी मुख्याधिकारी मॅडमनी मला बोलावलं. पहिलीच नेमणूक त्यांची. कामाला चोख, मनानं सरळ. बाहेर पाऊस लागून होता. त्यांनी भिंतीवरच्या कॅलेंडरवर पेन टेकवलं.

"ही घेऊ का? पण मला कुणी म्हणालं, शेतीचा सीझन आहे. लोक येतील ना? तुम्ही इथले आहात, तुम्ही सांगा."

तुम्ही इथले आहात. म्हणूनच तर विचारत होत्या. त्या तारखेला रोवणा अगदी भरात असणार, हे मला खिडकीबाहेरचा पाऊस पाहूनही सांगता आलं असतं. चार शब्द पुरले असते. मॅडम, रोवणा संपल्यावर घ्या. त्यांनी लगेच ऐकलं असतं.

मी म्हणालो, "मॅडम, हे शहर आहे. शेतीवाले सगळे खेड्यांत. चालेल."

"नक्की?"

"चालेल, मॅडम."

त्यांनी गोल केला. मी बाहेर आलो. सुटल्यासारखं वाटत होतं.

तारखेचा पुकारा भर दिवसा झाला, वस्तीतल्या बाया शेतात असताना. बाईला तारीख कळवली का? कळवली. आदल्या संध्याकाळी, फोनवर, घाईत असल्याचं दाखवून. ती म्हणाली, "उद्या? उद्या तं आमी दूर जाऊन राह्यलो बाबू. मोठ्या बांध्या हायेत. गाडीवाल्याले जबान देल्ली हाये."

"मग राहू दे बाई. पुढच्या वेळी."

"पाह्यतो," ती म्हणाली.

सभा झकास झाली. हॉल भरला. व्यापारी, राइस मिलवाले, डॉक्टर, निवृत्त मास्तर, मोबाइल घेतलेली तरुण मुलं. भिंतीवर मोठे तक्ते लावले होते. प्रत्येक तक्त्यावर एक काम: रस्ते, दिवे, पाणी, कचरा, बाग, सुरक्षा. हातात रंगीत गोल चिकट्या द्यायच्या, ज्याला जे आधी हवं तिथं त्यानं चिकटवायची. ज्यावर जास्त चिकट्या ते काम आधी. व्हॉल्वमन चहा वाटत होता. तो माझ्या कानाशी आला नि म्हणाला, "साहेब, चिकट्या उरल्या तं देजा. बायकोले टिकल्याईचं पाकीट आणाचं राहून गेलं."

तळ्याकाठी कारंजं हवं यावर चिकट्यांची गर्दी झाली. चौकात कॅमेरे, आपोआप लागणारे दिवे, गावाचं नाव मोठ्या अक्षरात, त्याच्यापुढे फोटो काढायला जागा. पाण्याच्या तक्त्यापाशी मी उभा होतो. तिथं एक शिक्षक आले, वाचलं, आणि म्हणाले, "पाणी तर येतं आपल्याकडे." खरं होतं. त्यांच्याकडे येतं. शेवटी कुणीतरी सुचवलं की पाण्याची नासाडी थांबावी म्हणून मीटर बसवा. त्यावर बऱ्याच चिकट्या पडल्या. शाश्वत शहरात मीटर पाहिजेच.

एका निवृत्त मास्तरांनी हॉलभर नजर फिरवून विचारलं, "अरे, बाया काऊन नाई दिसून राह्यल्या?"

मागून आवाज आला, "रोवणा हाये ना गुरुजी. बाया चिखलात, आपण खुर्चीत."

लोक हसले. मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. अगदी क्षणभर. मी पाण्याच्या बाटल्या सरळ करायला लागलो.

दुपार झाली. लोक जेवून गेले. पोरं खुर्च्या एकात एक घालत होती, मी तक्ते उतरवत होतो, आणि दारात बाई उभी. लुगड्याचा काचा तसाच, पोटऱ्यांपर्यंत चिखल वाळलेला, डोक्यावर प्लास्टिकची खोळ. अर्ध्या दिवसात काम सोडून, दूरच्या शेतातून चालत, वाटेत कुणाच्या तरी ट्रॅक्टरवर बसून आली होती. पाय पुसायला दारात काही नव्हतं म्हणून आत येत नव्हती.

"झाली का सभा?"

"झाली बाई."

"पाण्याचं काढलं का कोनी?"

"मीटर बसवणार आहेत."

तिला मीटर म्हणजे काय ते कळलं नसावं. तिनं हॉलकडे पाहिलं, रिकाम्या मंचाकडे पाहिलं. मायक टेबलावर आडवा ठेवलेला होता. "आमी तं पाठ करून ठेवलं होतं," ती म्हणाली. "वावरात सकारपासून मनातल्या मनात म्हणून राह्यली होती मी. हे असं रोवण्यात कोनं ठेवलं बाबू?"

तेव्हा सांगता आलं असतं. दारात आम्ही दोघंच होतो.

"तारीख वरून आली, बाई."

तिनं मान हलवली. मग माझ्या चेहऱ्याकडे पाहून तिला काय वाटलं कोण जाणे, पुढे वाकून माझ्या दंडावर हात ठेवला. शर्टाला चिखल लागू नये म्हणून बोटं उचलून, नुसता तळवा. "तू काऊन तोंड पाडतं? तुह्यं काय चुकलं त्याच्यात? वरच्याईले काय मालूम रोवणा म्हंजे काय ते."

मग ती परत गेली. उरेल तेवढा दिवस भरायला.

कारंजं झालं. उन्हाळ्यात तळ्याची पातळी खाली गेली की ते बंद ठेवावं लागतं, आणि आमच्याकडचा उन्हाळा तुम्हाला ठाऊक असेल. मीटर बसले. लाइनच्या शेवटच्या टोकाला पाण्याच्या आधी हवा येते आणि मीटर हवेनंही फिरतं, म्हणून वस्तीतल्या बायांनी मीटरवर पोती बांधून ठेवली. जणू मुंडकं झाकल्यावर ते मोजायचं थांबेल. मी ती पोती पाहिली आणि काही बोललो नाही. काहीच न बोलणं हा माझा स्वभाव आहे असं लोक म्हणतात. शांत माणूस, म्हणतात.

भाची नववीत नापास झाली. गैरहजेरी इतकी की परीक्षेलाच बसू देत नव्हते, मग मी जाऊन हेडमास्तरांना भेटलो, बसू दिलं, आणि नापास झाली. पुन्हा बसली. त्या वर्षीही रोवणा आला, कापणी आली, नळ आपल्याच वेळेला आला. एक दिवस बाई म्हणाली, "ते आता नाई म्हणते शाळेत जाले. लाज वाटते म्हणते लहान पोरीईच्या मधात बसाची." मी समजावायला गेलो. भाची ऐकून घेत होती. शेवटी म्हणाली, "मामाजी, पाणी कोण भरन?"

मी म्हणालो, काहीतरी मार्ग काढू. मार्ग माझ्या खिशात होता.

पुढच्या आषाढात एकदा उजाडता उजाडता टाकीवर जाताना चौकात मजुरांची गाडी थांबली होती. बाया खचाखच. प्लास्टिकच्या खोळीतून एक हात बाहेर आला. "मामाजी!" भाची होती. हसत होती, शेजारणीच्या खांद्याला धरून. बाईचे गुडघे दुखायला लागले होते, तिच्या जागी पहिलाच दिवस असावा हिचा, म्हणून हौस. मी हात वर केला. ती गाडी गेल्यावर मला माझी गाडी सुरू करता येईना. चावी नुसती फिरवत राहिलो.

तिथून पुढं मला धड झोप नाही. पहाटे नळाला पाणी आलं की पाइपात आधी एक खाकरल्यासारखा आवाज होतो. तो आवाज यायच्या आधीच मी जागा असतो, वाट बघत. बायको म्हणते, "तुम्हाला पाण्याची एवढी काय काळजी? आपल्याकडे तर रोज येतं." मी बादली लावतो. बादली भरते. शेवटी डॉक्टरांकडे गेलो. डॉक्टरांनी कार्डियोग्राम काढला, सगळं ठीक निघालं.

शहराचं नियोजन मी थोडंफार वाचत असतो. हरित क्षेत्र, कार्बन, सेन्सर, पावसाच्या पाण्याचं पुनर्भरण. सगळं लागणारच आहे, उन्हाळे दरसाल कडक होत चालले आहेत. पण वाचताना मनात एक काटा असतो. आधी काय करायचं याची यादी करण्याआधी कुणीतरी ठरवतं की ती यादी करायला कोण बसणार, आणि ते ठरवणारा माणूस कुठल्या नळाचं पाणी पितो हे कुणी विचारत नाही. आमच्या गावात तो माणूस मी होतो. मी कुणाला अडवलं नाही, कुणाचं बोलणं तोडलं नाही. नुसतं 'चालेल' म्हणालो.

आता पुन्हा तेच आलं आहे. जुना आराखडा सुधारायचा, लोकांना पुन्हा विचारायचं. त्या मॅडम केव्हाच बदलून गेल्या. नवे मुख्याधिकारी आले आहेत. मागच्या आठवड्यात त्यांनीही कॅलेंडर पुढे ओढलं आणि मला विचारलं. बाहेर ढग भरून आले होते. माझ्या जिभेवर काय येईल याचं मलाच भय वाटत होतं.

मी म्हणालो, "साहेब, रोवणा संपू द्या. पोळा झाला की घ्या. आणि सकाळी नको, संध्याकाळी."

"का? हे तर शहर आहे."

"अर्धं आहे, साहेब."

ते हसले आणि तारीख पुढे टाकली. इतकं सोपं होतं. मागच्या वेळीही इतकंच सोपं असतं.

यात मी काही मोठं केलं असं नाही. कारण पाळी बदलायला सभा लागत नाही. उद्या पहाटे व्हॉल्वमनला सांगितलं तर उद्यापासून बदलेल. मी अजून सांगितलेलं नाही. सभेत ठरलं की करू, म्हणजे माझ्यावर येणार नाही, असं मन म्हणतं. हे मन मला ओळखीचं आहे. तारीख त्यानंच दिली होती.

परवा भाचीचा फोन आला. आता ती वस्तीतल्या बायांच्या बचत गटाचं पाहते. बाईचे गुडघे गेलेत, ती घरीच असते. रोवण्याला भाची जाते, आणि पाणी आता बाई भरते, बसून, तांब्या तांब्यानं.

"मामाजी, पोळ्यानंतर सभा हाये म्हणते. आमी येऊन राह्यलो या बारीनं. मी बोलतो. आई म्हणते, पाठ करून जाजो."

"चांगलं आहे."

"एक विचाराचं होतं. मांगच्या टायमाले भर रोवण्यात ठेवली होती ना? मले सभेत आधी तेच बोलाचं हाये, का तवा आमाले विचारलंच नाई. तं ते तारीख कोनं ठेवली होती? तुमी तं ऑफिसात होते. तुमाले मालूम असन."

माझ्या कानात पाइपाचा तो आवाज व्हायला लागला.

"बघून सांगतो," मी म्हणालो.

"सांगा मंग. मी वाट पाह्यतो."

ती खरंच वाट पाहते आहे. दोनदा तिचा फोन येऊन गेला, मी उचलला नाही. ती वाचते, शाळा सुटली तरी वाचणं सुटलं नाही तिचं. हे कुठं छापून आलं तर आज ना उद्या तिच्या हाती पडेल, आणि नावं नसली तरी तिला पहिल्या ओळीत कळेल. बाईला ती वाचून दाखवेल. बाईचा तो तळवा, बोटं उचलून ठेवलेला, मला आठवतो. सांगितल्यावर ती काय करेल मला माहीत नाही. शिव्या दिल्या तर बरं. ती नुसतीच गप्प बसली तर काय, या विचारानं मी वस्तीच्या वळणावरून दोन वेळा परत आलो आहे.

भाचीची शाळा मी परत देऊ शकत नाही. जे देता येण्यासारखं आहे आणि मी अजून दिलेलं नाही, ते एवढंच: वस्तीला पहाटेचं पाणी, आणि माझ्या भाचीला तिच्या प्रश्नाचं उत्तर, तिच्या आईसमोर, माझ्या तोंडानं.